बलूनची सैर : पहाटेची घ्यावी की संध्याकाळची?

तुर्कस्तानला कापडाच्या कामासाठी जाणारे आपले व्यापारी बंधू परत आले की दोन गोष्टी हमखास सांगतात. एक तिथल्या टॉवेलचा दर्जा आणि दुसरी कापादोकियाच्या आकाशात उडणारे गरम हवेचे बलून. मग ज्याला पुढच्या खेपेस जायचे असते तो विचारतो, "सैर पहाटेची चांगली की संध्याकाळची?" वरवर हा मौजेचा सवाल वाटतो. पण त्यात पैसा आहे, जिवाची जोखीम आहे आणि नमाजची वेळही आहे. या बाबतीत आम्ही एकदा चांगलीच ठेच खाल्ली आहे, म्हणून चार शब्द लिहितो.

आमची चूक

आम्ही व आमचे थोरले बंधू देनिझलीला टॉवेलचा माल पाहण्यास गेलो होतो. देनिझली आणि आसपासची बुलदान, बाबादाग ही गावे विणकामासाठी नावाजलेली आहेत. भाईजानची सारी उमर मागावर गेलेली. त्यांना आकाशात उडण्याची हौस नव्हती. ज्या कापडाच्या पिशवीखाली वीस-वीस माणसे लटकतात, ते कापड त्यांना हाताने चाचपून पाहायचे होते.

आम्ही व्यापाऱ्याचा हिशेब केला : काम आधी, मौज शेवटी. आमच्या शहरातील एका एजंटाने शेवटच्या दिवशीची संध्याकाळची सैर ठरवून दिली, पैसे आगाऊ घेतले व पावतीही दिली. रातभर बसने प्रवास करून कापादोकियातील गोरेमे गावी पोचलो, तेव्हा कळले की तिथे प्रवाशांची नेहमीची उड्डाणे पहाटेचीच असतात. संध्याकाळी लोक टेकडीवर उभे राहून सूर्यास्त पाहतात, बलून उडत नाहीत. धावपळ करून दुसऱ्या पहाटेच्या दोन जागा मिळवल्या, तर वारा फार म्हणून त्या दिवशीची सगळी उड्डाणे रद्द झाली. दुपारी आमची परतीची गाडी होती. एजंटाकडून निम्मेच पैसे सुटले, तेही सहा महिने चकरा मारल्यावर. पैशाचे काही नाही, पण भाईजानची ती गोष्ट राहून गेली. आम्ही पुन्हा गेलो तोवर डॉक्टरांनी त्यांचा लांबचा प्रवास बंद केला होता.

पहाट का?

बलूनला ना सुकाणू असते ना इंजिन. गरम हवा थंड हवेपेक्षा हलकी, एवढ्याच कायद्यावर तो चालतो. वीस अंश तापमानाची एक घनमीटर हवा सुमारे १.२ किलो भरते. तीच शंभर अंशांपर्यंत तापवली की पाव किलोने हलकी होते. म्हणजे आठ हजार घनमीटरचा बलून सुमारे दोन टन उचलणार. त्यात कापड, टोपली, गॅसचे सिलिंडर आणि माणसे सगळे आले. बाहेरची हवा जितकी थंड तितका उठाव जास्त आणि गॅस कमी. पहाटेची हवा सर्वांत थंड असते, हा पहिला फायदा.

दुसरा फायदा याहून मोठा आहे. रात्रभर जमीन निवते, तिच्यालगतची हवाही निवून खाली बसते आणि स्थिर राहते. ऊन चढले की जमीन कुठे जास्त तापते, कुठे कमी. मग गरम हवेचे लोट वर उठू लागतात व बलूनला झोके बसतात. बलूनवाला उस्ताद फक्त वर-खाली करू शकतो. निरनिराळ्या उंचीवर वारा निरनिराळ्या दिशेने वाहतो, त्यातला हवा तो वारा पकडून तो वाट काढतो. कापादोकियात एका वेळी शंभराच्या आसपास बलून हवेत असतात. तिथे झोके खाणारी हवा परवडणारी नाही. म्हणून पहाटे वाऱ्याचा अंदाज घेऊन सरकारी विमान खाते परवानगी देते किंवा नाकारते. हिवाळ्यात नकार जास्त वेळा येतो.

संध्याकाळची बाजू

संध्याकाळची सैर सर्वत्र नसते असे नाही. राजस्थानात जयपूर आणि पुष्करकडे दोन्ही वेळची उड्डाणे होत आली आहेत. सांगानेर-बगरूच्या छपाईच्या मालासाठी जाणाऱ्यांपुढे ही निवड खरोखर येऊ शकते. सूर्यास्ताआधीच्या दीड-दोन तासांत जमीन निवू लागते व वारा पडत जातो. पहाटे उठवत नाही अशा वडीलधाऱ्यांना व मुलांना ही वेळ सोयीची. उन्हाचा रंगही सुंदर.

पण एक फरक ध्यानात घ्यावा. पहाटे निघालेल्या बलूनपुढे उजेड वाढत जातो. संध्याकाळी अंधार पाठीशी लागतो. उतरायला शेत सापडले नाही, पुढे विजेच्या तारा आल्या, तर पहाटे उस्तादाला सगळे दिसते आणि विचार करायला सवड मिळते. संध्याकाळी ती सवड कमी. शिवाय दिवसभर तापलेल्या हवेचा भरवसा देता येत नाही, त्यामुळे ऐनवेळी रद्द होण्याची शक्यता राहतेच.

मात्र पहाट म्हणजे बिनधोक, असेही कोणी समजू नये. इजिप्तमध्ये लक्सर येथे २६ फेब्रुवारी २०१३ रोजी उतरताना बलूनला आग लागून १९ जण दगावले. अमेरिकेत टेक्सासमधील लॉकहार्टजवळ ३० जुलै २०१६ रोजी बलून विजेच्या तारांवर आदळला व त्यातले सर्व १६ जण गेले. दोन्ही उड्डाणे सकाळचीच होती. लॉकहार्टला त्या सकाळी धुके व ढग होते, तरी बलून उडवला गेला. सबब, वेळेपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे "आज नाही" म्हणण्याची हिंमत. जो उस्ताद तुमचे पैसे परत करून उड्डाण रद्द करतो, त्याच्यावर रागावू नये. तोच खरा कारागीर.

कापड आणि टोपली

हे सारे मूळचे आपल्याच जातीच्या धंद्याचे आहे. १७८३ साली फ्रान्समध्ये पहिला बलून उडवणारे माँगोल्फिए बंधू कागद बनवणाऱ्या घराण्यातले. त्यांनी कापडाला आतून कागद लावला व तुकडे बटणांनी जोडले. आजचे कापड नायलॉन वा पॉलिस्टरचे असते. त्यात ताण्यात व बाण्यात ठरावीक अंतरावर जाड धागा घालून बारीक चौकटी पाडतात. कुठे फाटलेच तर फाट चौकटीपाशी थांबते. हवा निसटू नये म्हणून वरून लेप देतात. शिवण जीन पँटच्या शिवणीसारखी : दोन्ही काठ एकमेकांत दुमडून दुहेरी टाके. खाली ज्वाळेजवळच्या भागाला आग न धरणारे वेगळे कापड लावतात.

टोपली मात्र आजही वेताची, हाताने विणलेली. धातूची वा प्लास्टिकची पेटी उतरताना धक्का माणसाच्या पायात देते. वेत लवतो आणि धक्का स्वतः पितो. इतक्या यंत्रयुगात हाताच्या विणीला पर्याय सापडलेला नाही, हे पाहून आमच्या मनाला बरे वाटले.

नमाजची वेळ

मुसाफिराला कसरची सवलत आहे, पण फजरच्या दोन व मगरिबच्या तीन रकाती तेवढ्याच राहतात, आणि सैरीच्या दोन्ही वेळा नेमक्या यांच्यावरच येतात. कापादोकियात सूर्य जूनमध्ये सव्वापाचच्या, तर डिसेंबरात आठच्या सुमारास उगवतो. हॉटेलवर गाडी त्याआधी दीड-दोन तास येते. वुजू करूनच निघावे. फजरची वेळ लागली असेल तर खोलीवरच, नाहीतर बलूनमध्ये हवा भरत असताना मैदानावर नमाज अदा करावी. टोपलीत चढल्यावर सूर्य हवेतच उगवतो, मग वेळ गेली. संध्याकाळच्या सैरीत असर आधी उरकावी व मगरिबसाठी उतरल्याबरोबर जागा पाहावी. तिचा वक्त थोडा असतो आणि गाडी यायला उशीर होऊ शकतो.

थोडक्यात हिशेब

निवड हातात असेल तर पहाटच घ्यावी. सैर सफरीच्या पहिल्या सकाळी ठेवावी, शेवटच्या नव्हे. मागे दोन सकाळी मोकळ्या असाव्यात. देनिझलीला काम असेल तर जवळच पामुक्काले आहे, तिथेही पहाटे बलून उडतात. रातभराचा प्रवास वाचेल. रद्द झाल्यास पैसे किती दिवसांत परत मिळतील ते पावतीवर लिहून घ्यावे. उतरताना गुडघे वाकवून टोपलीची दोरी धरावी लागते, म्हणून गुडघ्याचे वा पाठीचे दुखणे असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी जाऊ नये. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही आपल्याला शिकवण आहेच.

दुसऱ्या खेपेस आम्हाला पहिल्याच पहाटे परवानगी मिळाली. उतरल्यावर जमिनीवरच्या एका कामगाराने जुन्या, बाद झालेल्या बलूनचा वीतभर तुकडा दिला. घरी आणून तो भाईजानच्या हाती ठेवला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, चौकटी मोजल्या, दोन्ही बाजूंनी ओढून पाहिला व म्हणाले, "वीण पक्की आहे. यात माणूस बसवायला हरकत नाही."

तो तुकडा अजून त्यांच्या उशाखाली असतो. अल्लाह सर्वांना सुखरूप सफर नसीब करो, आणि ज्यांना सोबत न्यायचे आहे त्यांना वेळेवर नेण्याची अक्कलही देवो.