दिवाळीला चुना, होळीनंतर रंग
पुराच्या पाण्यात भिजलेल्या घराबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला. भंडारा शहरासह नदीकाठच्या अनेक गावांत पाणी घराघरांत शिरलं. त्या वर्षी अधिक आश्विन आल्यामुळे दिवाळी लांबली, लक्ष्मीपूजन १४ नोव्हेंबरला झालं. म्हणजे भिंतींना वाळायला अडीच महिने मिळाले. तरीही ते पुरेसे नव्हते.

तुमसर तालुक्यात मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून असलेल्या बपेऱ्यासारख्या गावांना पूर आणि झड नवी नाही. पाणी ओसरलं की घर लवकर पूर्वीसारखं दिसावं, सणाआधी रंग लागावा, असं प्रत्येकाला वाटतं. पण दुरुस्तीवर घातलेला पैसा बहुतेक वेळा याच घाईत वाया जातो.

गैरसमज : भिंत हाताला कोरडी लागली, म्हणजे वाळली.

वस्तुस्थिती : आधी वाळतो तो फक्त पृष्ठभाग. विटेच्या बारीक छिद्रांत शिरलेलं पाणी सावकाश बाहेर येतं. हवा खेळती असेल, तर एका बाजूने महिन्याला साधारण एक इंच भिंत वाळते, असा बांधकामातला ठोकताळा आहे. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी उघडी असली तरी चार-साडेचार महिने लागतात. तपासणी सोपी आहे. हातभर प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावा आणि एक दिवस ठेवा. कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले, तर भिंत अजून ओली आहे.

गैरसमज : मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला की ती पक्की होते.

वस्तुस्थिती : मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटचा थर कडक आणि बंद असतो. छपराच्या कवेलूंतून किंवा जमिनीतून आलेलं पाणी त्याच्यामागे अडकतं, माती आतून मऊ होते आणि एक दिवस गिलाव्याचा पापुद्रा मातीसकट सुटतो. मातीच्या भिंतीला मातीच हवी. तणस आणि धानाचा कोंडा घालून तुडवून मुरवलेल्या मातीचा थर द्यावा, किंवा चुन्याचा गिलावा करावा. विटांच्या भिंतीवरचा गिलावा मात्र सगळा काढायची गरज नसते. ठोकून पाहावं, जिथे पोकळ, बद्द आवाज येतो तेवढाच भाग काढावा.

एक सावधगिरी जिवाची आहे. मातीची भिंत पूर चढताना उभी राहिली म्हणून ती सुरक्षित झाली असं नाही. पाणी ओसरताना बाहेरचा आधार जातो आणि भिजलेला पाया खचतो. भिंतीला पोट आलं असेल किंवा नवी भेग दिसत असेल, तर तिच्याजवळ झोपू नये.

गैरसमज : पांढरं आलं म्हणजे बुरशी आली, वॉटरप्रूफ रंग मारला की थांबेल.

वस्तुस्थिती : ते बहुधा लोणा असतो. माती, विटा आणि सिमेंटमधले क्षार पाण्यात विरघळतात. पाणी पृष्ठभागावर येऊन उडतं आणि क्षार तिथेच राहतात. त्यावर पाण्याचा थेंब टाका. विरघळलं तर लोणा. तो कोरड्या ब्रशने झाडावा. धुतला तर क्षार पुन्हा आत जातात. वॉटरप्रूफ रंगाने किंवा पुट्टीने पाण्याची वाट बंद होते, क्षार थराच्या मागे साठतात आणि पोपडे सुटतात. ओल झाकायला लावलेल्या पीव्हीसी पॅनेलचंही तेच होतं. त्यामागची भिंत वर्षानुवर्षं वाळत नाही आणि तिथे बुरशी वाढते.

गैरसमज : पीओपी आणि जिप्सम बोर्ड उन्हात वाळलं की पूर्ववत होतं.

वस्तुस्थिती : जिप्सम पाण्यात थोडं विरघळतं. भिजलं की त्याची ताकद जाते. बोर्डाच्या दोन्ही बाजूंना कागद असतो, आणि ओल्या कागदावर एक-दोन दिवसांतच बुरशी धरू शकते. छताला लावलेला बोर्ड फुगला किंवा लोंबला असेल, तर आधी वीज बंद करून तो काढावा. पार्टिशनचा बोर्ड पाण्याच्या खुणेच्या फूटभर वरपर्यंत कापून नवा लावावा, पण आतला सांगाडा पूर्ण वाळल्यावरच. कागदावर, लाकडावर मुरलेली बुरशी ब्लीचिंग पावडरने फिकी पडते, मुळापासून जात नाही.

गैरसमज : दार अडकलं तर लगेच रंधा मारावा.

वस्तुस्थिती : लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत फुगतं. पावसाळ्यात तासलेलं दार हिवाळ्यात आकसतं आणि फट पडते. सागाची चौकट सावलीत, वाऱ्यावर वाळू द्यावी. कडक उन्हात किंवा शेकोटीजवळ ती पिळते आणि चिरते. फुगलेला एमडीएफ आणि पदर सुटलेला प्लायवूड मात्र परत बसत नाही. तो बदलावाच लागतो.

गैरसमज : दारं-खिडक्या लावून शेगडी पेटवली की खोली लवकर वाळते.

वस्तुस्थिती : बंद खोलीत भिंतीतून निघालेली वाफ तिथेच फिरत राहते. त्याहून वाईट म्हणजे कोळशाचा विषारी वायू साठून माणूस झोपेतच दगावतो. भिंत वाळवायला समोरासमोरच्या खिडक्या उघड्या हव्यात, आणि वायरिंग इलेक्ट्रिशियनने तपासल्यानंतर पंखा.

कामाचा क्रम असा ठेवावा : वीज तपासावी, गाळ ओला असतानाच धुऊन काढावा, पॅनेल आणि भिंतीला टेकलेली कपाटं हलवावीत, सुटलेला गिलावा काढावा आणि मग थांबावं. ऑक्टोबरनंतरची विदर्भातली कोरडी हवा जे काम फुकट करते, ते कोणतंही रसायन करत नाही.

सण मात्र थांबत नाही, आणि थांबूही नये. पुराने आधीच खचलेल्या घराला दिवाळीत उजळलेली भिंत हवीच असते. त्यासाठी चुन्याची सफेदी करावी. तिच्यातून ओल बाहेर पडू शकते, खर्च थोडा येतो आणि घर स्वच्छ दिसतं. ऑइल पेंट, पुट्टी आणि नवी पॅनेल यांचा विचार होळीनंतर करावा. तोवर प्लॅस्टिकच्या कागदावर थेंब दिसेनासे झाले असतील, तर त्यानंतर लावलेला रंग पुढच्या पावसाळ्यात पोपडा होऊन खाली पडणार नाही.