हवाई अंतर व उड्डाणकाल
दोन विमानतळांमधील हवाई अंतर म्हणजे त्यांना भूपृष्ठावरून जोडणाऱ्या बृहत् वर्तुळाच्या लघुतम कंसाची लांबी होय. हे अंतर स्थिर असते. उड्डाणकाल मात्र वाऱ्यानुसार बदलतो. उदा., अहमदाबाद–गुवाहाटी हे अंतर सु. १,९४५ किमी. आहे. हिवाळ्यात उत्तर भारतावरून उच्च स्तरात झोतवारे पूर्वेकडे वाहतात. विमानाचा हवेतील वेग ताशी ८०० किमी. व वाऱ्याचा १०० किमी. मानल्यास गुवाहाटीस जाण्यास सु. २ तास १० मिनिटे, तर परतण्यास २ तास ४७ मिनिटे लागतात. वारा नसता, तर दोन्ही फेऱ्यांस मिळून ४ तास ५२ मिनिटे पुरली असती. अनुकूल वाऱ्याने वाचलेल्या वेळेपेक्षा प्रतिकूल वाऱ्याने वाढणारा वेळ नेहमीच अधिक असतो; म्हणून इंधनाचा साठा केवळ अंतरावरून न ठरविता वाऱ्याचा अंदाज घेऊन ठरवितात.