डोंगरी सायकल घेताना

हल्ली मुलांना काळी सायकल नको असते. जाड टायरची, गियरची, स्प्रिंगची सायकल पाहिजे असते. तिला डोंगरी सायकल म्हणतात. हौस वाईट नाही. पण हातात सात-आठ हजार रुपयेच असले, तर काय बघून घ्यावी?

आमच्या शेजारच्या एका गड्याने दोन शेळ्या विकून मुलाला अशी सायकल आणली. शाळा घाटाखाली, वाटेत मोठा उतार. सायकलीला पुढे स्प्रिंग, मागे स्प्रिंग, एकवीस गियर. एका पावसाळ्यात पोराने उतारावर ब्रेक दाबला. मूठ हँडलला टेकली, पण सायकल काही थांबेना. पोरगं बांधावर आदळलं. हात मोडला. शेळ्यांचे पैसे स्प्रिंगांत गेले होते, ब्रेकात नव्हते.

या सायकलीचा जन्मच उतारावर झाला. अमेरिकेत कॅलिफोर्निया म्हणून मुलूख आहे. तिथली काही तरुण मंडळी जुन्या, जड, जाड टायरच्या सायकली स्वस्तात मिळवीत आणि डोंगरावरून खाली सोडीत. पायडल उलटे दाबले की मागच्या चाकाचा ब्रेक लागे. 1976 साली त्यांनी एका उतारावर शर्यती सुरू केल्या. खाली येईपर्यंत ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे. मग चाक खोलून पुन्हा ग्रीस भरावे लागे. त्या उताराला नावच पडले ‘रीपॅक’, म्हणजे पुन्हा भरा! बघा, तिथेही गाठ ब्रेकाशीच होती.

म्हणून दुकानात गेलात की आधी ब्रेक दाबा. मूठ हँडलला टेकता कामा नये. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला. चाक जागचे हलू नये. चकतीचा ब्रेक चिखलात चांगला, हे खरे. पण हलक्या प्रतीच्या चकतीपेक्षा रबरी ठोकळ्यांचा चांगला ब्रेक आम्ही पसंत करू. त्याचे ठोकळे आणि तार गावातला मिस्त्रीही बदलतो.

आता चाक उचलून फिरवा. रिम डावीउजवीकडे नाचली तर चाकाला आउट आहे. चाक हाताने आडवे हलवा. खटखट वाजले तर छर्रे ढिले आहेत.

सांगाडा लोखंडी घ्यावा. थोडा जड असतो, पण मोडला तर वेल्डिंगवाला जोडतो. ॲल्युमिनियम जोडणे दर वेल्डिंगवाल्याला जमत नाही. दांडीवर पाय टाकून उभे राहा. दोन्ही पाय जमिनीला टेकून दांडी दोन-तीन इंच खाली राहिली पाहिजे. पोरगं वाढेल म्हणून मोठी सायकल घेऊ नका. सदरा मोठा चालतो, सायकल चालत नाही.

स्वस्त स्प्रिंगा मात्र टाळा. वजन वाढते, आणि चढावर पायाचा जोर चाकाला जायचा तो स्प्रिंग दाबण्यात जातो. खड्ड्याचा दणका जाड टायरच पुष्कळ खातो.

गियर चढासाठी. पुढच्या चक्राला 44 दाते आणि मागच्याला 18 असले, तर पायडलाच्या एका फेरीत चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. सपाटीवर हे झकास, पण चढावर छाती फुटते. पुढे 28 आणि मागेही 28 केले, तर चाक एकदाच फिरते. वेग जातो, पण चढ हलका होतो. त्याला एकवीस गियर लागत नाहीत. सहा-सात पुरेत. आणि रस्ता सपाट असेल, तर एकही नको.

जुनी सायकल मिळत असेल तर तीही बघा. तीत पैसा वाचतो. हँडलाखाली सांगाड्याचा रंग सुरकुतला किंवा तडकला असेल, तर ती समोरून आदळलेली आहे. ती सोडा. मग चेनीला पट्टी लावा. पहिल्या पिनेपासून पंचविसाव्या पिनेपर्यंत बारा इंच भरले पाहिजेत. एक सूत जास्त भरले, तर चेन झिजली. मागचे दातेही बघा. तेही झिजलेले असायचे. तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या.

त्या गड्याने पुढे दोन्ही ब्रेक बदलून घेतले. पोरगं पुन्हा त्याच घाटाने शाळेला जातं. नवी सायकल घेतली असेल, तर पंधरा दिवसांनी मिस्त्रीकडे न्या. नवे आरे बसतात, तारा लांबतात. आउट काढून आणि ब्रेक आवळून घ्या, मगच तिला उतारावर घाला.