प्रश्नाचा धनी कोण?

न्यायासनापुढे वकील अशिलाची बाजू मांडतो, त्याप्रमाणे विधिमंडळाच्या प्रश्नोत्तराच्या तासात आमदाराने मतदारांची वकिली करावयाची असते. ब्रिटिश मुलखातील कौन्सिलांत सरकारास प्रश्न विचारण्याचा अधिकार 1892 च्या कायद्याने आला. मूळ प्रश्नकर्त्यास उपप्रश्नाची मुभा मिळण्यास 1909 साल उजाडावे लागले. जालन्याची रयत तर सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली होती. प्रौढ मतदानाने निवडलेला प्रतिनिधी तिला 1952 साली लाभला. इतक्या उशिरा मिळालेल्या या अधिकाराचा आज उपयोग कसा होतो?

तारांकित प्रश्नाचा साचा ठरलेला आहे: ‘हे खरे आहे काय?’, ‘असल्यास कोणती कार्यवाही केली?’, ‘नसल्यास विलंबाची कारणे काय?’ उत्तराचाही साचा ठरूनच गेला आहे: ‘हे अंशतः खरे आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ 2013 च्या दुष्काळात ज्या बागायतदाराची मोसंबी डोळ्यांदेखत वाळली, त्याने हे ‘अंशतः’ कोणत्या मापाने मोजावे? किती अंश, कोणत्या गावी, कोणत्या तारखेपर्यंत, हे उपप्रश्न करून मंत्र्यांकडून वदवून घेणे, हेच आमदाराचे खरे काम होय.

जालना जिल्ह्याचे पाच आमदार विधानसभेत बसतात. प्रश्न छापून आला म्हणजे कर्तव्य संपले, असे त्यांनी मानू नये. मिळालेले उत्तर गावात येऊन वाचून दाखवा, असे मतदारांनीही त्यांस बजावावे. प्रश्नाचा धनी मतदार आहे. ‘अंशतः’वर समाधान मानणाऱ्या वकिलास कोणता शहाणा अशील पुन्हा वकीलपत्र देईल?