राणीचा धक्का, मठाचं वर्षासन
नदीकाठची सत्ता : लेखांक ६

मध्ययुगीन युरोपातल्या मठाला जमीन इनाम मिळाली, की तिच्यामागून कामंही येत. ती कसून घ्यायची, कुळं सांभाळायची, आणि पीक बुडालं की खंडही बुडायचा. नदीवरच्या जकातीला ही यातायात नव्हती. नाव धक्क्याला लागली की रोकड हाती पडे. म्हणूनच या जकातीतला वाटा कुणाच्या नावे लिहून द्यायचा, हा अधिकार मोठा होता आणि अनेकदा तो बायकांच्या हाती होता. लंडनमध्ये टेम्सवर क्वीनहाइथ नावाचा जुना धक्का आहे. त्याच्या उत्पन्नावर १२व्या शतकात राणीचा हक्क होता.

पहिला हेन्री १ डिसेंबर ११३५ रोजी वारला. त्याचं दफन टेम्सच्याच वरच्या अंगाला, त्याने उभारलेल्या रेडिंगच्या मठात झालं. विधवा राणी ॲडेलायझाने आपल्या या धक्क्याच्या उत्पन्नातून रेडिंगला दरसाल १०० शिलिंगांचं वर्षासन लावून दिलं. खाली लंडनात नावा रित्या व्हायच्या आणि त्या पैशावर वर मठात राजाच्या आत्म्यासाठी प्रार्थना चालायच्या.

तिच्यानंतरची राणी मटिल्डा ही बुलोनची काउंटेस, तीही स्वतःच्या वारसाहक्काने. गादीसाठी भाऊबंदकी पेटली आणि ११४१ साली तिचा नवरा स्टीफन कैद झाला, तेव्हा फौज उभी करून त्याला सोडवण्यात तिचा मोठा वाटा होता. बाल्डविन आणि मटिल्डा ही तिची दोन मुलं लहानपणीच गेली. दोघांना ऑल्डगेटच्या होली ट्रिनिटी मठात पुरलं होतं. त्यांच्या आत्म्यांसाठी ११४७च्या सुमारास तिने लंडनच्या टॉवरशेजारी सेंट कॅथरीनचं धर्मादाय रुग्णालय काढलं. त्यासाठी लागणारी जागा तिने त्याच मठाकडून मोबदला देऊन घेतली.

खर्चाची तजवीज पुन्हा धक्क्यानेच केली. स्टीफनने क्वीनहाइथ आपला फ्लेमिश सेनानी विल्यम ऑफ ईप्र याला दिला होता. त्याने तो होली ट्रिनिटीला अर्पण केला, पण दरसाल २० पौंड सेंट कॅथरीनला पोचते करावेत, या अटीवर. २० पौंड म्हणजे ४८०० पेनी. पुढे दुसऱ्या हेन्रीच्या काळात नाइटला दिवसाला ८ पेनी मिळत. त्या हिशेबाने हा ६०० दिवसांचा रोजमुरा झाला!

हा भार अखेर मासळी आणि धान्य घेऊन येणाऱ्यांवर पडे, आणि सनदांमध्ये त्यांची दखल क्वचितच दिसते. तिसऱ्या हेन्रीच्या काळात तर धान्याच्या नावांनी दुसरीकडे कुठे न लागता इथेच लागावं, असे हुकूम सुटले. तोवर धक्का राजाचा भाऊ रिचर्ड याच्याकडे गेला होता. १२४६ साली लंडनकरांनी तो वर्षाला ५० पौंडांच्या मक्त्याने घेतला.

राजघराण्याच्या पैशाच्या तगाद्याने शहर आधीच चिडलेलं होतं. १३ जुलै १२६३ रोजी राणी एलेनॉर ऑफ प्रोव्हान्स नावेतून टॉवरबाहेर पडली, तेव्हा लंडन ब्रिजवरच्या जमावाने तिच्यावर दगड आणि चिखल फेकला. तिला मागे फिरावं लागलं.

याच एलेनॉरने होली ट्रिनिटीशी दीर्घकाळ भांडून सेंट कॅथरीन मठाच्या ताब्यातून सोडवलं. १२७३ साली तिने त्याला नवी सनद दिली आणि आश्रयदातेपण इंग्लंडच्या राण्यांकडे राखून ठेवलं. १८२५ साली गोदी बांधण्यासाठी जुनी इमारत पाडली गेली. संस्था मात्र अजून चालू आहे, सध्या पूर्व लंडनमधल्या लाइमहाउसमध्ये.

पुढच्या आठवड्यात ऱ्हाइन नदी, आणि मठांच्या दारूच्या पिंपांना मिळालेली जकातमाफी.