काजळी, साबण आणि विहिरीचे पाणी

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी गावाने १९७५ नंतर पावसाचे पाणी अडवून जमिनीत मुरवले, हे आपण जाणतो. पावसाचे पाणी मुळात मृदू असते. पण काळ्या पाषाणातून झिरपताना त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. अशा गावातल्या शाळेत करण्याजोगा हा प्रयोग आहे.

तीन परीक्षानळ्या घ्या. दोहोंत पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित पाणी घ्या, तिसरीत विहिरीचे. तिन्हींत चिमूटभर काजळी टाका. दुसऱ्या व तिसऱ्या नळीत साध्या साबणाच्या (डिटर्जंट नको) पाण्याचे सारखेच थेंब घालून नळ्या जोराने हलवा. पहिलीत काजळी वर तरंगते. दुसरीत पाणी एकसारखे काळे होते. तिसरीत पांढुरका साका धरतो आणि काजळी त्यात अडकते.

असे का? कार्बनचे कण पाण्यापेक्षा एकमेकांना अधिक धरून राहतात. साबणासारख्या पृष्ठक्रियाशील पदार्थाच्या रेणूची शेपटी जलद्वेषी, तर डोके जलस्नेही असते. शेपटी कणाला चिकटते, डोके पाण्याकडे राहते. सर्व डोक्यांवर ऋण भार असल्याने कण एकमेकांना दूर लोटतात. म्हणजे काजळी विरघळत नाही. सुटे झालेले कण पुन्हा एकत्र येत नाहीत, एवढेच. तिसऱ्या नळीत कॅल्शियम या डोक्यांनाच पकडतो व साबण अविद्राव्य होतो.

हेच तत्त्व कार्बनच्या नॅनोनलिकांना लागू पडते. जपानच्या सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये त्यांचे वर्णन केले. ग्रॅफाइटचा एक थर गुंडाळावा तशी एकपदरी नलिका असते. तिचा व्यास सुमारे एक नॅनोमीटर. लांबीभर एकमेकींना चिकटून त्यांच्या मोळ्या बनतात. नुसता साबण घातला तर तो मोळीच्या बाहेरच बसतो. श्राव्यातीत ध्वनिलहरींनी मोळी सैल केली, की त्या फटीत रेणू शिरतात. अमेरिकेतील राइस विद्यापीठात २००२ मध्ये सोडियम डोडेसिल सल्फेट वापरून नलिका अशा सुट्या केल्या आणि द्राव वेगाने फिरवून जड मोळ्या तळाशी बसवल्या. वर उरलेल्या सुट्या नलिका अवरक्त प्रकाशाने चमकल्या! मोळीत ही ऊर्जा शेजारच्या धातुगुणी नलिकेकडे निघून जाते. रेणू नलिकेला नळकांड्यासारखे वेढतात की अस्ताव्यस्त बसतात, यावर मात्र शास्त्रज्ञांचे एकमत झालेले नाही.

जुन्या पोथ्यांची शाई काजळी आणि डिंकापासून करीत. डिंकाचे लांबलचक रेणू मुख्यत्वे भाराने नव्हे, तर आपल्या पसाऱ्याने कणांना दूर ठेवतात. २००२ मध्येच इस्राएलच्या बेन-गुरियन विद्यापीठात राजदीप बंदोपाध्याय व सहकाऱ्यांनी बाभळीच्या जातीच्या झाडांच्या डिंकाने नॅनोनलिका सुट्या केल्या. बंदोपाध्याय पुढे मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक झाले.

तेव्हा तिसरी नळी ‘प्रयोग फसला’ म्हणून ओतून टाकू नका. पाण्याचा प्रवास तीच सांगते. मग विहिरीच्याच पाण्यात साबणाऐवजी डिंक घालून पाहा. काय होईल? विद्यार्थ्यांना अंदाज व कारण आधी वहीत लिहू द्या, नंतरच नळी हलवा.