सोफ्याआधी ओटा

रमजानचे पहिले दहा रोजे सरले की मोहल्ल्यात रंगाचे डबे दिसू लागतात. कुणाच्या दारात शिडी उभी असते, कुणाच्या गच्चीवर गाद्या उन्हात पडलेल्या असतात, शिंप्याच्या दुकानात कुर्त्यांच्या ढिगाशेजारी पडद्यांचे गठ्ठे येऊन बसतात. दिवाळीच्या तोंडावर गावभर जे चित्र असते, तेच हे. ईदच्या नमाजनंतर नातेवाईक येणार, शेजारी येणार, कामावरचे सहकारी आणि मुलांचे मित्र शीरखुर्म्यासाठी येणार. त्या दिवशी घर नीटनेटके दिसावे, ही इच्छा साधी आणि निर्मळ आहे.

अडचण पैशांची असते. नवे कपडे, सुकामेवा, जकात, फितरा हे सगळे याच महिन्यात येते. त्यातून घरासाठी दहा-पंधरा हजार रुपये निघाले तरी पुष्कळ. हे पैसे बहुतेक घरांत बाहेरच्या खोलीतच संपतात. तिथे नवा सोफा येतो, चकचकीत पडदे लागतात. आतल्या खोलीतली ओल मात्र तशीच राहते, स्वयंपाकघरातला धूर तसाच आणि मोरीतली फरशीही तशीच निसरडी. पाहुणा अर्धा तास बसून जातो, घरची माणसे तिथे बारा महिने राहतात. थोड्या पैशांत घर खरोखर देखणे करायचे असेल, तर खर्चाचा हा क्रम उलटा करावा लागतो.

उर्दूत यासाठी ‘सलीका’ असा एक शब्द आहे. मराठीतली ‘टापटीप’ त्याच्या अगदी जवळची. घरात किती वस्तू आहेत यावरून सलीका ठरत नाही. आहे ती वस्तू कुठे आणि कशी ठेवली आहे, यावरून ठरतो. जुन्या बायका दोन पत्र्याच्या पेट्या, एक सतरंजी आणि धुतलेली चादर यांवर खोली सजवत, ती याच गुणावर.

आधी ओल, मग रंग

रंगाच्या दुकानात जाण्याआधी भिंतींकडे नीट पाहावे. जिथे पोपडे सुटले आहेत, पांढरा लोणा आला आहे, तिथे कितीही महाग रंग लावला तरी तो पावसाळ्यापर्यंतच टिकतो. ओल कुठून येते हे ओळखण्याची एक बिनखर्चाची युक्ती आहे. भिंतीवर हातभर प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि दोन दिवसांनी पाहावा. भिंतीकडच्या बाजूला पाणी साचले असेल, तर ओल भिंतीतून येते. ते पाणी गळक्या नळीचे, मोरीचे किंवा गच्चीचे असू शकते. खोलीकडच्या बाजूला दव धरले असेल, तर खोलीत हवा खेळत नाही. पहिल्या दोषाला प्लंबर किंवा गवंडी लागतो, दुसऱ्याला उघडी खिडकी. दोन्ही दोषांना नवा रंग हा उपाय नाही.

रंगाऱ्याशी बोलताना तो दर कशावर लावतो, हे आधी विचारावे. दहा बाय बारा फुटांच्या खोलीची जमीन 120 चौरस फूट भरते. पण उंची दहा फूट असेल तर चार भिंती मिळून 440 चौरस फूट होतात आणि छत धरले की 560. एकाने जमिनीचा दर सांगितला आणि दुसऱ्याने भिंतींचा, तर आकडे ऐकून कोण स्वस्त हे कळतच नाही. दारे-खिडक्या वजा होणार का, घासकाम आणि लांबी त्यात धरली आहे का, हेही कागदावर लिहून घ्यावे.

जुन्या घरांच्या भिंतींना आधीपासून चुनाच असेल, तर पुन्हा चुना लावण्यात कमीपणा नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कडक होत जातो, आणि त्याच्या तीव्र क्षारामुळे बुरशीला सहज थारा मिळत नाही. थोडी नीळ घातली की तो डोळ्यांना अधिक शुभ्र वाटतो. दोन-तीन पातळ हात द्यावेत; एकच जाड हात दिला तर तडकतो. ऑइल पेंट किंवा प्लॅस्टिक पेंटवर मात्र चुना धरत नाही. कळीचा चुना पाण्यात टाकताच उकळतो, म्हणून लहान मुलांना दूर ठेवावे आणि डोळे जपावेत.

सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो. चांद्र वर्षामुळे तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणून प्रत्येक पिढीला ईदची रंगरंगोटी कधी पावसात करावी लागते, कधी थंडीत. आत्ताचे दिवस रंग वाळायला चांगले आहेत आणि पुढे उन्हाळा आहे. उरलेला चुना गच्चीच्या स्लॅबवर फिरवला, तर पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो आणि खालची खोली कमी तापते.

जमिनीवरची बैठक

सोफ्याचा हट्ट सोडला, तर बजेटचा सगळ्यात मोठा आकडा एकदम खाली येतो. आपल्या घरांची मूळ बैठक जमिनीवरचीच. तिचे शब्दही दोन्हीकडे सारखे आहेत. दिवाणखाना, गालिचा, पडदा, तक्क्या, चादर, फरशी हे सगळे शब्द फारसी-अरबीतून आले आणि मराठी वाड्यात असे रुळले की ते परके होते हे आज कुणाच्या ध्यानातही येत नाही. वाड्यातली लोड-तक्क्यांची बैठक आणि मुसलमान घरातला फरशी दस्तरखान ही एकाच राहणीची दोन रूपे आहेत.

घरातल्या जुन्या गाद्यांचा कापूस पिंजून घ्यावा, त्यांना एकाच रंगाच्या जाड सुती कापडाच्या खोळी शिवाव्यात आणि भिंतीला लोड लावावेत. सोलापुरी चादर बैठकीवर अंथरली की वेगळ्या सजावटीची गरज उरत नाही. ज्यांना खाली बसवत नाही अशा वडीलधाऱ्यांसाठी दोन चांगल्या खुर्च्या हव्यातच. पत्र्याची मोठी पेटी भक्कम असेल, तर तिच्यावर गादी टाकून बसायची सोय होते आणि आत रजया राहतात.

खुर्च्या, टेबल, कपाट जुन्या बाजारात शोधावे. पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार आहे, मुंबईत चोर बाजार आहे. लहान शहरांतही जुन्या फर्निचरची एक तरी गल्ली असतेच. सागवानाची जुनी खुर्ची डाव्या-उजव्या हाताने हलवून पाहावी. सांधा ढिला असेल तर सुतार बसवून देतो. पण लाकडाला बारीक भोके आणि खाली पिठासारखा भुसा दिसला, तर कीड जिवंत आहे असे समजून ती तिथेच सोडावी. भुसा दाबून केलेल्या बोर्डाचे नवे कपाट दिसायला सुबक असते, पण पाणी लागले की फुगते. मोरीशेजारी किंवा ओल्या भिंतीला ते लावू नये.

शहाबादी फरशी जुनी झाली म्हणून तिच्यावर टाइल्स बसवण्याआधी एकदा पॉलिशवाल्याला विचारावे. फटी भरून पॉलिश केलेल्या शहाबादीला जो थंड राखाडी रंग येतो, तो उन्हाळ्यात पायांना सुखाचा असतो.

पडद्याचे माप घेताना कापड खिडकीच्या रुंदीच्या दीडपट ते दुप्पट धरावे, म्हणजे चुण्या नीट पडतात. दांडी चौकटीवर न ठोकता छताच्या जवळ लावली की बुटकी खोली उंच भासते. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या मागांवरचे साधे सुती कापड यासाठी पुरते. शेजारशेजारच्या दोन खोल्यांना एकाच रंगाचे पडदे लावले, तर लहान घर सलग दिसते.

‘बिनव्याजी’चा हिशेब

ईदच्या आधी दुकानांवर ‘शून्य टक्के व्याज’ अशा पाट्या लागतात. व्याज टाळणाऱ्या घराला ही पाटी विशेष भावते. म्हणूनच तिच्याकडे जरा निरखून पाहावे. 2013 साली रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले होते की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट नसते; व्याज प्रक्रिया शुल्काच्या रूपाने ग्राहकाकडूनच वसूल होते. दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा, “आज रोख दिले तर किती घ्याल?” रोखीचा आकडा आणि सगळे हप्ते अधिक शुल्क यांतला फरक म्हणजेच व्याज, त्याचे नाव काहीही असो.

राहते घर आणि घरातले वापराचे सामान यांवर जकात नसते. पण गरजेबाहेरच्या उधळपट्टीला इस्लाममध्ये ‘इस्राफ’ म्हणतात आणि ती नापसंत मानली जाते. मराठीत अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, त्याचा रोख वेगळा नाही. ईद एका दिवसाची आणि हप्ते पुढच्या ईदपर्यंत, असा सण कुणाच्याच घराला परवडत नाही.

घर ज्यांच्या हातावर चालते

रमजानमध्ये घरातली सगळ्यात जास्त राबणारी जागा म्हणजे स्वयंपाकघर. सहरीसाठी पहाटे अंधारात ओट्यापाशी उभे राहायचे, दुपार टळली की रोजा असताना पुन्हा तिथेच तळण-शिजवण करायचे. अनेक घरांत ओट्यावर दिवाच नसतो. तो पाठीमागे छताला असतो आणि भाजी चिरणारीची सावली भाजीवरच पडते. ओट्यासमोरच्या भिंतीवर एक छोटी एलईडी पट्टी लावली, की प्रकाश हातावर येतो आणि पहाटे झोपलेल्या मुलांच्या डोळ्यांवर येत नाही. धूर बाहेर काढणारा पंखा ही सोफ्याच्या एका हप्त्याच्या आसपासची वस्तू आहे, पण तिने खोकला, घाम आणि भिंतीवरची काजळी तिन्ही कमी होतात.

विजेतही बचत आहे. 60 वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला 9 युनिट जातात. 9 वॅटच्या एलईडीला दीडच्याही आत लागतात. 75 वॅटचा पंखा रोज बारा तास चालला तर महिन्याला 27 युनिट होतात, तर 30 वॅटच्या नव्या बीएलडीसी पंख्याला 11 युनिटही लागत नाहीत. पंखा बदलायचाच असेल, तर तो जिथे जास्त वेळ फिरतो तिथला आधी बदलावा. ती खोली बहुधा आतलीच असते.

मोरीत भिंतीला एक भक्कम दांडी आणि पायाखाली खरखरीत फरशी असावी. वजूसाठी बसून वापरता येईल असा खालचा नळ आणि शेजारी स्टूल असावे. दादी-नानीला पहाटे ओल्या जमिनीवर तोल सांभाळावा लागू नये, एवढी तजवीज आधी झाली पाहिजे. एका पडलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या हाडाचा खर्च घरभर नव्या फर्निचरपेक्षा जास्त येतो.

म्हणून पंधरा हजार हाताशी असतील, तर क्रम असा लावावा: आधी गळती आणि ओल, मग मोरीची दांडी, ओट्याचा दिवा आणि धुराचा पंखा. त्यानंतर रंग, मग बैठकीच्या खोळी आणि पडदे. उरले तर एखादी जुनी सागवानी खुर्ची. नाही उरले, तर सोफा पुढच्या वर्षी.